पोर्ट्समथची बंदरफेरी: मोहिमेआधी एकदा, मोहिमेनंतर एकदा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट्समथ येथे नौदल तळाच्या धक्क्यांजवळून पर्यटकांना फिरवून आणणारी बोटफेरी मी २०२५ या एकाच वर्षात दोनदा केली. पहिली एप्रिलच्या मध्यास, मुंबईहून दोन महिन्यांसाठी आलेल्या बाबांना घेऊन. दुसरी डिसेंबरमध्ये, एकटीने. दोन्ही वेळा कंपनी तीच होती, मार्ग तोच होता आणि वेळही तेवढाच, साधारण पाऊण तासाचा. तरीही पहिल्या फेरीबद्दल मी भेटेल त्याला सांगत सुटले आणि दुसऱ्या फेरीहून परतल्यावर कंपनीला तक्रारीचे पत्र लिहिले. या फरकाचे कारण सविस्तर मांडावेसे वाटते, कारण ब्रिटनमध्ये राहणारी आणि इकडे फिरायला येणारी पुष्कळ मराठी कुटुंबे पोर्ट्समथला जातात, जुन्या जहाजांच्या संग्रहालयात दिवस घालवतात आणि बोटफेरी वेळ उरला तर करू म्हणून शेवटाला ठेवतात. माझ्या मते ती आधी करावी. मात्र दिवस आणि बोट पारखून घ्यावी.

एप्रिलमधला तो आठवडा साधा नव्हता. ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ ही ब्रिटिश विमानवाहू नौका २२ एप्रिल रोजी सुमारे आठ महिन्यांच्या मोहिमेवर निघायची होती. भूमध्य समुद्रातून सुएझमार्गे हिंदी महासागर, पुढे ऑस्ट्रेलिया आणि जपान, आणि तिथून परत, असा तिचा प्रवास ठरला होता. ‘ऑपरेशन हायमास्ट’ नावाच्या या मोहिमेत डझनभर देश कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर सहभागी होणार होते. त्यांतही नॉर्वेचा वाटा लक्षात राहण्याजोगा होता, कारण या छोट्या देशाने ‘रोआल अमुंडसेन’ ही फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) आणि ‘मॉड’ हे पुरवठा जहाज अशी दोन मोठी जहाजे ब्रिटिश ताफ्यात धाडायचे ठरवले होते. बातम्यांत या सगळ्याचे वर्णन दोन ओळींत संपते. दोन वेगळ्या नौदलांची जहाजे एका ताफ्यात आठ महिने चालवायची म्हणजे धक्क्यावर नेमके काय काय करावे लागते, हे मात्र मला या बोटफेरीनेच पहिल्यांदा नीट समजावले.

त्यात बाबांचाही हात होता. ते मुंबईच्या नौदल गोदीत एकतीस वर्षे पाइप फिटर होते. लायन गेटमधून सकाळी आत आणि संध्याकाळी बाहेर, एवढाच त्यांचा समुद्राशी संबंध असे ते नेहमी म्हणत. प्रत्यक्षात ‘विराट’च्या पोटातल्या नळांची जाळी त्यांना आमच्या चाळीतल्या खोल्यांपेक्षा जास्त पाठ होती. ‘विराट’ म्हणजे पूर्वीची ब्रिटिश ‘हर्मिस’. फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश ताफ्याची ध्वजनौका म्हणून ती ५ एप्रिल १९८२ रोजी याच पोर्ट्समथहून निघाली होती, आणि १९८७ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली. बाबांना पोर्ट्समथ बघायचे होते ते त्यासाठी.

साउदॅम्प्टनहून पोर्ट्समथ हार्बर स्टेशनला थेट गाडी आहे. हे स्टेशन पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभे असल्याने फलाटावर उतरताच खालून खाऱ्या पाण्याचा वास येतो आणि समोर ‘वॉरियर’ ही १८६० साली पाण्यात उतरवलेली लोखंडी युद्धनौका दिसते. तिथून बोटीचा तरंगता धक्का चालत पाच-सात मिनिटांवर आहे. वाट सपाट आहे. गुडघेदुखी असलेल्या माणसाला अडचण येते ती शेवटच्या उतरत्या फळीवर, कारण ओहोटीला तरंगता धक्का खाली जातो आणि फळीचा उतार बराच वाढतो. बाबांसारख्यांनी भरतीच्या वेळेची फेरी घ्यावी. कंपनीच्या वेळापत्रकात भरती-ओहोटी दिलेली नसते, ती आपणच पाहून जावी लागते.

बोट दुमजली आहे. खालचा मजला काचबंद आणि उबदार, वरचा उघडा. एप्रिलमध्येही वाऱ्याला चांगलीच धार होती, पण वरच बसावे असे मी सांगेन, कारण खालच्या काचांवर खाऱ्या पाण्याचे डाग असतात आणि युद्धनौकांची उंची खालून नजरेत मावत नाही. वरच्या मजल्यावर मागच्या तीन रांगा टाळाव्यात. इंजिनाचा आवाज तिथे इतका येतो की लाउडस्पीकरवरचे बोलणे अर्धेअधिक वाया जाते. आम्ही आधी तिथेच बसलो होतो आणि पहिली पाच मिनिटे काही कळले नाही म्हणून उठून पुढे गेलो.

माहिती सांगणारे गृहस्थ ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेले होते. वय साठीच्या पुढचे, हातात माइक, कागद नाही. बोट सुटायच्या आधी धक्क्यावरच्या नळाला पाण्याची नळी जोडून बोटीची टाकी भरली जात होती. एका पोराने नळीचे तोंड नळावर दाबले, कडी फिरवली, खट्कन आवाज आला आणि पाणी सुरू झाले. बाबा वाकून ते तोंड बघत होते. त्या गृहस्थांनी ते पाहिले आणि त्यांचे सगळे बोलणेच तिथून सुरू झाले. ते म्हणाले, आज तुम्हाला जी मोठी नौका दाखवणार आहे तिच्या मोहिमेचे अर्धे यश अशा जोडांवर अवलंबून आहे. मी हे वाक्य बाबांना मराठीत सांगितले. बाबा म्हणाले, “अगं, मग आटे जुळले का ते विचार त्यांना.”

या प्रश्नामागे बाबांची सगळी नोकरी उभी होती. मुंबईच्या गोदीत एका बाजूला ब्रिटिश बांधणीची ‘विराट’, तिचे बोल्ट आणि नळांचे आटे इंचाच्या मापाचे. दुसऱ्या बाजूला रशियन बांधणीच्या नौका, त्यांचे सगळे मिलिमीटरमध्ये. दोन मापांची हत्यारे, दोन मापांचे सुटे भाग, दोन कपाटे. इंचाचा बोल्ट मिलिमीटरच्या भोकात दोन फेरे जातो आणि तिसऱ्या फेऱ्याला अडकतो, तेव्हा घाईत जोर लावणाऱ्या शिकाऊ पोराच्या हातून आटे कसे मरतात, हे आम्ही लहानपणापासून घरी ऐकत आलो आहोत. दोन नौदले एकत्र येणार म्हटल्यावर त्यांच्या मनात तोफा किंवा झेंडे आले नाहीत. त्यांना ते दोन फेरे आठवले.

प्रश्न ऐकून त्या गृहस्थांचा चेहरा खुलला आणि पुढची पंधरा मिनिटे ते बहुतेक आमच्याकडे बघूनच बोलत होते. त्यांनी सांगितलेले मी घरी येऊन टिपून ठेवले, त्यातले मुख्य असे. ब्रिटन आणि नॉर्वे हे दोन्ही देश १९४९ साली नाटोच्या स्थापनेपासून तिचे सभासद आहेत, आणि समुद्रावर एका जहाजातून दुसऱ्या जहाजात इंधन कसे द्यायचे याची पद्धत नाटोने केव्हाच ठरवून दिलेली आहे. जहाजांच्या डिझेलला एफ-७६ आणि नौदलाच्या विमानांच्या इंधनाला एफ-४४ अशी सामाईक नावे आहेत, त्यामुळे ब्रिटिश अधिकाऱ्याने एफ-७६ मागितले की नॉर्वेच्या जहाजाला ते कुठल्या प्रतीचे हवे हे विचारावे लागत नाही. दोन जहाजे साधारण चाळीस-पन्नास मीटरांचे अंतर राखून, एकाच वेगाने, शेजारी शेजारी चालत राहतात. एका जहाजावरून बारीक दोर बंदुकीने दुसऱ्यावर फेकला जातो, त्याच्यामागून जाड दोर, मग पोलादी तार, आणि त्या तारेवरून लोंबकळत रबरी नळी येते. नळीच्या टोकाचा निमुळता तुकडा समोरच्या जहाजावरच्या घंटेसारख्या तोंडात शिरतो आणि खट्कन बसतो, अगदी मघाच्या पाण्याच्या नळीसारखा. हे तासन्‌तास चालते, रात्रीही, खवळलेल्या समुद्रातही. माप जुळले नाही तर मधे जोडतुकडा लावतात, पण असे तुकडे कोणत्या जहाजावर किती लागतील याची यादी निघण्यापूर्वीच करावी लागते.

“म्हणजे कपाट एकच आहे,” बाबा म्हणाले. मी इंग्रजीत सांगितल्यावर ते गृहस्थ म्हणाले, निदान इंधनाचे तरी एकच आहे.

तोवर बोट प्रिन्सेस रॉयल जेटीसमोर आली. २८० मीटर लांबीची, ६५,००० टनांची ही नौका बोटीतून पाहताना आधी जहाज वाटतच नाही. एखादी लांबलचक करडी इमारत पाण्याच्या कडेला बांधावी तशी ती दिसते. डेकच्या उजव्या बाजूला दोन वेगळे मनोरे आहेत. पुढच्यातून जहाज चालवतात आणि मागच्यातून विमानांची ये-जा सांभाळतात. पुढच्या टोकाला विमानांना उड्डाणासाठी वर वळलेला उतार आहे. तसाच उतार ‘विराट’लाही होता, आणि बाबांनी बोटाने हवेत त्याची कमान काढून दाखवली.

पर्यटकांची बोट फार जवळ जाऊ शकत नाही. संरक्षण खात्याच्या पोलिसांची गस्ती नौका सतत मध्ये असते. तरी दुर्बिणीतून धक्क्यावरची लगबग स्पष्ट दिसत होती. एकामागून एक ट्रक येत होते, जाळीच्या चाकदार पिंजऱ्यांतून खोकी उतरत होती, क्रेनचा आकडा डेकवर जाऊन रिकामा परत येत होता. जहाजाच्या कडेला दोरावर बसून दोन खलाशी नौकेच्या अंगावरचा एक पट्टा रंगवत होते. नौकेवर साधारण सातशे खलाशी असतात आणि विमानांचे पथक चढले की ही संख्या सोळाशेपर्यंत जाते. पंचेचाळीस दिवसांचे अन्न एका वेळी भरता येते. आठ महिन्यांच्या मोहिमेला पंचेचाळीस दिवसांचे अन्न, हा हिशेब त्या गृहस्थांनी आमच्यासमोर मांडला, आणि उरलेले कोण आणून देणार असे विचारून थोडे थांबले.

उत्तर होते ‘मॉड’. ब्रिटिश नौदलाच्या पुरवठा शाखेकडे इंधन नेणारी जहाजे आहेत, आणि त्यांतले ‘टाइडस्प्रिंग’ या मोहिमेवर जाणारच होते. पण धान्य, सुटे भाग, दारूगोळा असा कोरडा माल समुद्रावर पोहोचवणारे ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ हे एकच जहाज तेव्हा उरले होते, आणि ते मनुष्यबळाअभावी धक्क्याला बांधून ठेवलेले होते. ती उणीव नॉर्वेचे जहाज भरून काढणार होते. एवढ्या मोठ्या नौदलाची ध्वजनौका मित्राच्या कोठारावर विसंबून निघणार आहे, हे ब्रिटिश नौदलात आयुष्य काढलेल्या माणसाने परक्या पर्यटकांसमोर आडपडदा न ठेवता सांगितले, याचे मला फार कौतुक वाटले. अशा प्रामाणिकपणासाठी मी तिकिटाचे पैसे पुन्हा देईन.

यातही आटे जुळण्याची एक गोष्ट होती. ‘मॉड’ आणि ब्रिटिश ‘टाइड’ वर्गाची जहाजे (‘टाइडस्प्रिंग’ त्यांतलेच) एकाच ब्रिटिश आराखड्याच्या घराण्यातली आहेत, आणि दोन्ही दक्षिण कोरियातल्या एकाच गोदीत बांधली गेली. सख्ख्या नव्हेत, पण चुलत बहिणी म्हणता येतील. जहाजाचे नाव नॉर्वेच्या राणी मॉड यांच्यावरून आहे, आणि त्या मूळच्या ब्रिटिश राजकन्या, सातव्या एडवर्डची धाकटी मुलगी. १९३८ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचा देह ‘रॉयल ओक’ या ब्रिटिश युद्धनौकेने नॉर्वेला पोहोचवला होता. माहेरच्या ताफ्याला धान्य पोहोचवायला लेकीच्या नावाचे जहाज यावे, हे मला घरी आल्यावर सुचले आणि बाबांना सांगितल्यावर त्यांनाही आवडले.

डेक रिकामा होता, आणि त्यामुळे आमच्या पुढच्या रांगेतल्या मुलांची निराशा झाली. एकही विमान नाही. ते का, हेही नीट सांगितले गेले: एफ-३५ ही लढाऊ विमाने धक्क्यावर चढवत नाहीत, नौका खोल समुद्रात गेल्यावर ती उडत येऊन उतरतात. जड दारूगोळाही इथे भरत नाहीत. त्यासाठी या नौका स्कॉटलंडमध्ये ग्लेन मॅलन येथे वस्तीपासून दूर असलेल्या जेटीला जातात. नॉर्वेची जहाजेही त्या दिवशी आम्हाला दिसली नाहीत, ती ताफ्याला पुढे समुद्रावर मिळणार होती. दोन्ही देशांची जहाजे शेजारी शेजारी पाहण्याच्या इच्छेने जाणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे. शेजारीच ‘डॉन्टलेस’ ही विनाशिका मात्र होती, टोकाला मोठा गोळा असलेल्या तिच्या उंच, निमुळत्या मनोऱ्यासह. तो गोळा म्हणजे तिचे रडार, आणि विमानवाहू नौकेचे आकाशातून येणाऱ्या धोक्यापासून रक्षण करणे हे तिचे काम.

फेरीचा उत्तरार्ध पूर्वार्धाच्या तोडीचा नव्हता. परत वळल्यावर त्या गृहस्थांनी माइक एका तरुण सहकाऱ्याकडे दिला आणि तिथून पाठ केलेली माहिती सुरू झाली: ‘मेरी रोझ’ १५४५ साली बुडाली, १९८२ साली वर काढली, ‘व्हिक्टरी’ १९२२ पासून सुक्या गोदीत आहे, स्पिनेकर टॉवर १७० मीटर उंच आहे. यातले सगळे खरे आहे आणि सगळे संग्रहालयाच्या फलकांवर वाचायला मिळते. त्याऐवजी एक गोष्ट सांगितली असती तर बोटीतले दोन मराठी उतारू तरी कंपनीचे जन्मभर ऋणी राहिले असते. याच बंदरात १९८६ पर्यंत ‘फूद्रोयां’ या नावाने एक लाकडी फ्रिगेट प्रशिक्षण जहाज म्हणून नांगरलेली असे. तिचे मूळ नाव ‘ट्रिंकोमाली’, आणि ती १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेटजी बोमनजी यांनी मलबारच्या सागाच्या लाकडात बांधली. बाबा ज्या गोदीत एकतीस वर्षे राबले, त्याच गोदीतली ती नौका. आज ती उत्तर इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आहे आणि अजून पाण्यावर तरंगते. फेरी संपल्यावर मी त्या तरुणाला हे सांगितले. त्याने नाव लिहून घेतले.

परतताना बंदराच्या तोंडाशी बोट क्षणभर थांबली. हे तोंड अरुंद आहे, दोन्ही काठांवरची माणसे ओळखू यावीत इतके. नव्या विमानवाहू नौकांसाठी इथला तळ खोल करावा लागला, लाखो घनमीटर गाळ उपसला गेला आणि त्यात दुसऱ्या महायुद्धातले न फुटलेले बॉम्बही सापडले. मोठी नौका भरतीची वेळ साधूनच इथून बाहेर पडते. बाबा उठून कठड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, “इथनं गेली ती.” ‘विराट’ २०१७ मध्ये निवृत्त झाली आणि नंतर अलंगला तोडली गेली. बाबा त्यानंतर बोट धक्क्याला लागेपर्यंत काही बोलले नाहीत, आणि मीही काही विचारले नाही.

प्रस्थानाच्या दिवशी बोटफेरीचा उपयोग नाही, हेही सांगून ठेवते. विमानवाहू नौका हलते तेव्हा टग (ओढबोटी) आणि गस्ती नौका तिच्याभोवती असतात आणि इतर बोटींना दूर ठेवले जाते. निरोप पाहायचा असेल तर जुन्या पोर्ट्समथमधल्या राउंड टॉवरजवळ उभे राहावे. खलाशांची कुटुंबे तिथेच जमतात. तिथे तिकीट लागत नाही, पण बसायला जागा नाही आणि तास-दोन तास ताटकळावे लागते.

मे महिन्यात बाबा मुंबईला परत गेले. ऑक्टोबरमध्ये त्यांचा फोन आला तो वर्तमानपत्र समोर धरूनच. ५ ते १२ ऑक्टोबर या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ ‘कोकण’ हा भारत आणि ब्रिटन यांच्या नौदलांचा संयुक्त सराव झाला. एका बाजूला आपली ‘विक्रांत’, दुसऱ्या बाजूला आम्ही एप्रिलमध्ये पाहिलेली ‘प्रिन्स ऑफ वेल्स’. हा सराव २००४ पासून चालत आला आहे, आणि या वेळी ब्रिटिश ताफ्यासोबत नॉर्वे आणि जपानची जहाजेही होती. बाबांना सरावाच्या नावाचा अभिमान होताच, पण त्यांनी विचारले ते वेगळेच: आपल्या जहाजांना त्यांची नळी बसत असेल का गं? मला उत्तर देता आले नाही. त्या बोटीवरच्या गृहस्थांना ते नक्की देता आले असते, म्हणून डिसेंबरमध्ये मी पुन्हा गेले.

ताफा ३० नोव्हेंबरला परतला होता. त्यानंतर चारच दिवसांनी, ४ डिसेंबर रोजी, ब्रिटन आणि नॉर्वे यांनी ‘लुना हाउस करार’ केला. मी गेले ते त्यानंतरच्या शनिवार-रविवारी. या करारामुळे पोर्ट्समथच्या बोटीवर बोलण्यासारखे केवढे तरी घडले होते. नॉर्वेने ऑगस्टअखेर सुमारे दहा अब्ज पौंडांच्या व्यवहारात ब्रिटिश टाइप-२६ फ्रिगेट निवडल्या होत्या, किमान पाच. ब्रिटनच्या आठ आणि नॉर्वेच्या पाच अशा तेरा पाणबुडीविरोधी फ्रिगेट उत्तर अटलांटिकमध्ये दोन्ही नौदलांनी मिळून, एकमेकांच्या जागी चालतील अशा रीतीने वापरायच्या, हा त्या कराराचा गाभा. रशियन पाणबुड्यांवर लक्ष ठेवणे हे त्यांचे काम. शेटलंड बेटांवरचे ज्या घराचे नाव कराराला दिले, तिथे दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या ताब्यातल्या नॉर्वेशी मासेमारी बोटींनी गुप्त दळणवळण ठेवणाऱ्यांचा पहिला तळ होता. म्हणजे आता एका नळीच्या जोडाचा प्रश्न राहिला नाही. अख्खे जहाजच एका मापाचे: तेच बोल्ट, तेच सुटे भाग, तेच प्रशिक्षण. बाबांच्या भाषेत, एकच कपाट.

त्या फेरीत यातले एक अक्षरही ऐकायला मिळाले नाही, कारण बोलायला माणूसच नव्हता. हिवाळ्यात ध्वनिमुद्रित माहिती लावतात असे बोटीवर चढल्यानंतर कळले. ती केव्हा मुद्रित केली होती कोण जाणे; ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ समोर उभी असताना, तिच्या अंगावर आठ महिन्यांच्या खाऱ्या पाण्याचे गंजके ओघळ स्पष्ट दिसत असताना, स्पीकरमधून विमानवाहू नौकांविषयी जी चार वाक्ये आली ती कुठल्याही वर्षी चालली असती. बोट जेटीसमोर थांबली तेव्हा आवाज दुसऱ्याच जहाजाचे वर्णन करत होता, कारण मुद्रण आणि बोटीची चाल यांचा मेळ बसत नव्हता. शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे वळून विचारले, हीच का ती जपानला जाऊन आली? मग मीच त्यांना आणि त्यांच्या नातवाला नळी, घंटेसारखे तोंड, एफ-७६ आणि ‘मॉड’ हे सगळे जमेल तसे सांगितले.

घरी येऊन मी कंपनीला लिहिले की मुद्रित माहिती वाईट नाही, पण ती लावायची असेल तर तिकिटाच्या खिडकीवर तसे लिहावे आणि तिकीट स्वस्त करावे. शिवाय एप्रिलमधल्या त्या गृहस्थांकडून वर्षातून दोनदा तरी ती नव्याने बोलून घ्यावी. आठवड्याने उत्तर आले. भाषा सौजन्याची होती, खिडकीवर सूचना लावण्याचे त्यांनी मान्य केले होते आणि तिकिटाविषयी मौन होते. हिवाळ्यातल्या फेऱ्यांत गर्दी कमी असते, खर्च भागत नाही, हे मी समजू शकते. पण या फेरीत विकत घेण्यासारखे जे काही आहे ते त्या माणसाच्या बोलण्यात आहे. करडे पोलाद तर समोरच्या काठावरच्या गॉस्पोर्टला जाणाऱ्या साध्या प्रवासी बोटीतूनही दिसते, आणि तिचे भाडे याच्या काही अंशच आहे.

जाणाऱ्यांसाठी आणखी दोन-तीन गोष्टी. मार्च ते ऑक्टोबर या काळात जावे आणि शाळांच्या सुट्ट्या टाळाव्यात. बोटीवरचे स्वच्छतागृह खालच्या मजल्यावर आहे आणि जिना चढा आहे, तेव्हा वयस्कर मंडळींनी धक्क्यावरचेच वापरून चढावे. दुर्बीण अवश्य न्यावी. चहा बोटीवर मिळतो, तो घेण्यासारखा नाही. आणि ज्यांना खास टाइप-२६ पाहायच्या आहेत त्यांनी पोर्ट्समथची वाट धरू नये. ब्रिटिश नौदलाच्या त्या नौका दाखल झाल्या की त्यांचा मुक्काम प्लिमथला, डेव्हनपोर्टच्या तळावर राहणार आहे.

एप्रिलच्या फेरीला मी पाचपैकी साडेचार गुण देते, अर्धा ट्रिंकोमालीसाठी राखून. डिसेंबरच्या फेरीला दोन. पुढच्या उन्हाळ्यात बाबा पुन्हा येणार आहेत आणि त्यांनी प्रश्नांची यादी आत्तापासूनच केली आहे. तिकीट काढण्यापूर्वी मी खिडकीवर एवढेच विचारणार आहे, की आज बोटीवर बोलायला कोण आहे.